संथ उजेड

यंत्रांचा एक काळ असा होता, की त्यांना एकमेकांची भाषा कळत नसे. नवा प्रिंटर घ्या, त्याच्याबरोबर त्याचा दुभाषा आलाच. कॅमेरा घ्या, त्याचा वेगळा. या दुभाष्यांना ड्रायव्हर म्हणत. एखादा ड्रायव्हर बिनसला की भलं थोरलं यंत्र टेबलावर नुसतं बसून राही, मांडवात रुसलेल्या व्याह्यासारखं. आणि कंपनीच बुडाली तर बोलायलाच नको. दुभाषा गेला म्हणजे यंत्र जिवंतपणी मुकं.

एकतारी आली आणि हा सगळा ताप संपला.

एकतारी ही नवी ऑपरेटिंग सिस्टिम. शेतातल्या पंपापासून छातीतल्या पेसमेकरपर्यंत बघता बघता सगळं तिच्यावर चालायला लागलं, कारण तिचा रिवाज आपल्या घरच्यासारखा साधा होता. दारात कुणी आलं की तिनं तीन प्रश्न विचारायचे: तू कोण, काय देतोस, काय घेतोस? उत्तरं सहाच प्रकारची. बटण, म्हणजे हो किंवा नाही. सरकपट्टी, म्हणजे शून्यापासून शंभरापर्यंत चढणारं-उतरणारं काहीही. मग मोजमापाचा काटा, अक्षर, आवाज आणि चित्र. यंत्र कुणी का बनवलेलं असेना, त्याला या सहांपैकी एका पंगतीत बसावंच लागे. एकदा बसलं की मग ते कुणाच्याही शेजारी चालत असे.

आणि तिथूनच गंमत सुरू झाली. देणारा कुणीही असो, घेणारा कुणीही, गाठ मारली की झालं. लोकांना जोडायचं वेडच लागलं. मिरजेच्या एका बाईंनी आपल्या तान्ह्या लेकीचा श्वास कागदी आकाशकंदिलाला जोडला. लेक झोपली की खोलीभर कंदील हलकेच फुलायचा आणि मिटायचा. सांगलीतल्या एका आजोबांनी कृष्णेच्या पाणीपातळीला आपला झोपाळा बांधून टाकला. नदी चढली की झोपाळा वेग घेई, आणि आजोबा घरबसल्या पूर अंगावर घेत. एका द्राक्षबागायतदाराच्या घरी मुळांना तहान लागली की पेटीचे सूर आपोआप वाजायचे. भर उन्हाळ्यात त्या घरातून दिवसभर करुण काहीतरी ऐकू येई. रस्त्यानं जाणारे थांबत आणि म्हणत, अहो, बागेला पाणी सोडा.

ऋजुता फणसळकर ही एकतारीचा जोडनियम लिहिणाऱ्या चौघांपैकी एक. सांगलीत विश्रामबागेतल्या घरी बसून ती काम करी. नियमाच्या त्या जाडजूड मसुद्यात एक कलम तिचं स्वतःचं होतं, आणि त्याचा तिला अभिमान होता. रास्त अभिमान, असं मीही म्हणेन.

ते कलम भरकटीबद्दल होतं. भरकट म्हणजे काय? रिकामा वजनकाटा रात्रभर ठेवा. सकाळी त्याचं शून्य शून्यावर नसतं, थोडं सरकलेलं असतं. त्यावर कुणी काही ठेवलेलं नसतं. हवा दमट झाली, बॅटरी उतरली, तार तापली, एवढंच. शरीराला जोडलेल्या यंत्रांत तर हे फारच. घाम आला, झोप लागली, कूस बदलली, की आकडे हळूहळू कुठल्या कुठे वाहत जातात. म्हणून ऋजुतानं सुचवलं, की शरीरातून येणारा जो बदल फार संथ आहे, तो माणसाचा हेतू नव्हे. एकतारीनं तो दारातच वजा करावा. समितीत कुणीतरी विचारलं, इतकी खात्री कशावरून? ती म्हणाली, "ज्याला काही सांगायचं असतं ना, तो पटकन सांगतो." सगळे हसले आणि कलम मंजूर झालं. थरथरत्या हातांच्या म्हाताऱ्यांचे पेन त्या कलमानं सरळ चालायला लागले. कृत्रिम हात लावलेली माणसं चहाचा कप न सांडता उचलायला लागली.

आणि मग दिगंबर आजारी पडला.

दिगंबर सुतार हा तिचा नवरा. धंद्यानं नाटकांचा प्रकाशवाला. गावोगावच्या नाट्यगृहांत पडद्यापलीकडे अंधारात उभा राहून त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडावर उजेड टाकला होता. मेंदूच्या देठाशी रक्ताची गुठळी अडकली आणि एका सकाळी तो आख्खाच थांबला. हात नाही, पाय नाही, जीभ नाही, पापणीसुद्धा नाही. डॉक्टरांनी त्याच्या कवटीखाली बत्ताशाएवढी एक जाळी बसवली. मेंदूतले विजेचे तरंग ती वाचायची. गळ्याच्या हाडाखाली बॅटरी. तीच बॅटरी त्याच्या श्वासाच्या पडद्यालाही ठेका द्यायची. जाळी बनवणारी परदेशी कंपनी वर्षभरात बंद पडली, पण एकतारीमुळे ऋजुताला त्याची फिकीर नव्हती. जाळीनं दारात येऊन रीतसर सांगितलं होतं: मी बटण आहे, मी हो किंवा नाही देते. पलंगाच्या डोक्याशी एक दिवा लावला. हो म्हणजे हिरवा, नाही म्हणजे तांबडा.

दिवा लागे. पण उत्तरं काय यावीत!

"दिगू, तुझं नाव दिगंबर ना?" तांबडा.

"ही अक्का आहे ना, तुझी थोरली बहीण?" हिरवा. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तांबडा.

"दिगा, चंद्र हिरवा आस्तो का रं?" अक्कानं हट्टानं विचारलं. हिरवा.

अक्का तासगावहून भावासाठी येऊन राहिली होती. ती हसायला बघे, आणि मग पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात जाई.

डॉक्टर मुजावर मिरजेहून दर आठवड्याला येत. शांत बाई, उगाच गोड न बोलणाऱ्या. एके दिवशी त्यांनी ऋजुताला व्हरांड्यात नेलं.

"मॅडम, नाणं उडवलं तरी इतकीच उत्तरं बरोबर येतील. तुम्ही स्वतः हे शास्त्र जाणता, तुम्हाला काय सांगू?"

"अजून थोडे दिवस बघू ना."

"दिवसच कमी आहेत. बॅटरी दिवाळीपर्यंत जाईल. बदलायची म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा चिरफाड. मागच्या वेळी त्यांना किती ताप भरला, तुम्ही पाहिलंय. आत ऐकणारं कुणी असेल तर मी आनंदानं करीन. नसेल, तर त्या देहाला आपण कशासाठी छळायचं? बदलली नाही, तर ते झोपेतच जातील. शांतपणे. या महिन्याअखेर मला काय ते सांगा."

म्हणजे ठरवायचं ऋजुतानंच. तिनं मान हलवली आणि आत येऊन दिगूचं पांघरूण उगाच सारखं केलं. त्याचे डोळे उघडे होते. छताकडे बघत होते, की कुठेच बघत नव्हते, ते तिला सांगता आलं नसतं.

त्याच महिन्याअखेर एकतारीचा जोडनियम गोठणार होता. गोठणार म्हणजे कायमचा. कारखाने तो चिपच्या आतच कोरून टाकणार होते, आणि मग पुढची कित्येक वर्षं त्यात काना-मात्रेचा बदल होणार नव्हता. ऋजुता दिवसा नियमाच्या शेवटच्या चाचण्या करी आणि संध्याकाळी पलंगाशी बसून हिरव्या-तांबड्या दिव्याकडे बघे. घरात सगळं कसं अस्पष्ट झालं होतं. दुपारच्या झोपेतून उठल्यावर क्षणभर वार कळत नाही, तसं तिला दिवसभर वाटायचं.

अशाच एका तिन्हीसांजेला अक्का देवापुढं निरांजन लावून खोलीत आली आणि तिनं ट्यूबलाइटचं बटण दाबलं. खट्. पांढराफटक उजेड पडला. ऋजुताचं लक्ष सहज पलंगाशेजारच्या मॉनिटरच्या पडद्यावर गेलं. दिगूच्या छातीचे ठोके एकदम उसळले होते आणि आता खाली येत होते.

"अक्का, बंद करा. पुन्हा लावा बरं."

"आता दिवेलागणीला काय पोरखेळ लावलाईस?"

"लावा तर."

खट्. ठोके पुन्हा उसळले. ऋजुतानं ट्यूब बंद केली आणि कोपऱ्यातल्या उभ्या दिव्याची कळ अगदी सावकाश फिरवली. पिवळा उजेड दुधाला साय यावी तसा आला. ठोके जागचे हलले नाहीत.

अक्का कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, "मेला आजून तसाच हाय. ल्हानपणी मी बटण दाबलं की अंगावर यायचा. म्हनायचा, अक्के, सूर्य काय बटण दाबून उगिवतो?"

ऋजुता खाली बसली. तिला पंचवीस वर्षांपूर्वीचं नाट्यगृह आठवलं. ती कॉलेजात होती आणि बिघडलेलं डिमरचं टेबल दुरुस्त करायला कुणीतरी तिला पाठवलं होतं. दुरुस्ती झाल्यावर तिनं पट्टी धाडकन वर सारली, दिवे लख्ख पेटले, आणि मागून एक काळासावळा माणूस कळवळून म्हणाला, "अवो मॅडम, लाइट आसा मारू नका. आणायचा आस्तो तो." त्या रात्री तिनं ते नाटक पाहिलं. दुसऱ्या अंकात मुलगा आईला रात्रभर काहीतरी सांगत बसतो आणि बोलता बोलता पहाट होते. कधी झाली, ते तिला कळलं नाही. पहाट झाली एवढंच कळलं, आणि तोवर ती रडत होती. नंतर तिनं तो प्रयोग कितीतरी वेळा पाहिला. दर वेळी पहाट तशीच यायची, त्याच वाक्याला तोच रंग, केसभर इकडेतिकडे नाही. घड्याळ बघतोस का, असं तिनं एकदा विचारलं. दिगू म्हणाला होता, "घड्याळ कशाला? हाताला माहीत आस्तंय की."

त्या माणसाला आपण बटण करून ठेवलं होतं!

ती उठली आणि जाळीच्या नोंदी उघडून बसली. एकतारी रोज काय काय वजा करते, हे कुणी बघत नाही, केर कुणी उपसून बघतं का? तिथे ओळीमागून ओळ तेच लिहिलं होतं: भरकट वजा केली, भरकट वजा केली. आणि वजा केलेले आकडे थोडेथोडके नव्हते. प्रश्न विचारल्यावर दिगूच्या मेंदूतून एक लाट उठत होती, सावकाश, वळिवाचे ढग भरून यावेत तशी. ती पुरती भरायच्या आत ऋजुताचं कलम तिला दारात अडवून केरात टाकत होतं. मागे जो कचरा उरत होता, त्यावरून हिरवा नाहीतर तांबडा दिवा लागत होता. आयुष्यभर ज्यानं उजेड सावकाश आणला, त्याचा विचारही तसाच यायचा. काखेत कळसा म्हणतात, तो असा.

तिला हसू आलं आणि मग शरमेनं तिचे कान तापले.

शरीरातल्या यंत्राची पंगत बदलायला बंदी होती. पण समितीतल्या चौघांकडे चाचणीसाठी एक चावी असे, तिनं कुठलंही दार उघडायचं. घरच्या माणसावर ती वापरणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडायची तयारी.

"नियम तूच केलास न्हवं?" अक्का म्हणाली. "मग तूच मोड की. दुसऱ्या कुणाची परवानगी घेतीयास?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पडदे ओढले. ऋजुतानं जाळीची ओळख बदलली. बटण पुसलं, सरकपट्टी लिहिलं. भरकटीचं कलम तेवढ्यापुरतं बंद केलं आणि ट्यूब सोडून खोलीतले सगळे दिवे त्या पट्टीला जोडले. खोली काळोखी झाली. बाहेर कुठेतरी भांडी घासल्याचा आवाज येत होता.

ती दिगूच्या कानाशी वाकली. "दिगू, तिसरी घंटा झाली. दुसऱ्या अंकातली पहाट."

काही झालं नाही. दोघी बसून राहिल्या. ऋजुताला आपला श्वास ऐकू येत होता, आणि त्याचा, बॅटरीच्या ठेक्यावरचा. आधी तिनं दिव्यांकडे टक लावून पाहिलं. मग पापण्या जड झाल्या, आणि मग ती पुढचं-मागचं काहीबाही आठवत राहिली. तासगावचा रस्ता, पहिल्या भाड्याच्या घरातला स्टोव्ह, कुठल्याशा दौऱ्यात बसच्या टपावर बांधलेले दिवे. अक्काची मान कलली होती. बऱ्याच वेळानं अक्का दचकून जागी झाली, पदर सावरला आणि म्हणाली, "अगं बाई, उजाडलं का गं?"

ऋजुतानं आजूबाजूला पाहिलं. खोलीत पहाट झाली होती. भिंतीवरच्या तसबिरी दिसत होत्या, अक्काच्या बांगड्या दिसत होत्या, दिगूच्या गालावरची खुंटं दिसत होती. हे कधी झालं, ते तिला कळलं नव्हतं.

ती मोठ्यानं रडली. आवरावं असं तिला वाटलंही नाही.

रडून झाल्यावर मात्र तिच्यातली शास्त्रज्ञ डोळे पुसून उभी राहिली. इथेच घोडं पेंड खाणार होतं. जोडनियम समितीचे प्रमुख विद्याधर तरे हा माणूस देवाचंही प्रमाणपत्र तपासून घेणारा. ते संगणकाच्या पडद्यावर आले, त्यांनी चढत जाणारी ती रेघ पाहिली, चष्मा काढला.

"ऋजुता, मला वाईट वाटतं. पण बॅटरी उतरतानाही असाच चढ येतो. तुझ्याच कलमात तूच लिहिलंयस. तुला तो तिथे असायला हवा आहे, म्हणून तो दिसतोय."

"सर, उद्या याच वेळी बोलू?"

दुसऱ्या दिवशी तिनं दिगूकडून तीच पहाट पुन्हा मागितली. आदल्या दिवशीची रेघ पडद्यावर ठेवली होती, आणि नवी तिच्यावर उमटत होती. तरेसर पलीकडून बघत होते. नवी रेघ जुनीवरून चालली, जुनं गिरवल्यासारखी. मध्ये एका ठिकाणी कालच्या रेघेला छोटीशी पायरी होती. आईच्या भूमिकेतली बाई तिथे पाण्याचा पेला उचलायची, हे ऋजुताला माहीत होतं. नव्या रेघेनंही तिथे पायरी घेतली.

"भरकट स्वतःला गिरवत नाही, सर," ती म्हणाली.

तरेसरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "चावी घरात वापरल्याबद्दल तुला लेखी समज मिळेल. ती मी देईन." आणि चष्मा लावत म्हणाले, "गोठवणं पुढे ढकलतो. नवं कलम लिही."

तिनं लिहिलं. एकतारी दारात आता चौथा प्रश्न विचारू लागली: तुझी चाल काय? त्या चालीनंच ऐकायचं, आणि ऐकल्याशिवाय काही वजा करायचं नाही. पुढच्या आठवड्यांत ठिकठिकाणच्या पलंगांवरून, ज्यांना घरच्यांनी संपलेलं धरलं होतं अशी माणसं हळूहळू बोलायला लागल्याची खबर आली. सगळी नाही. पण लातूरच्या एका मास्तरांनी म्हणे पहिला निरोप बायकोला दिला, की रेडिओ बंद कर.

सुतारांच्या घरात तर रोजच नाटक सुरू झालं. उजेड चढला म्हणजे हो, उतरला म्हणजे नाही, असं ठरलं. पटकन काही व्हायचं नाही. प्रश्न विचारून अक्का पोळ्या लाटायला जाई आणि परत येईतो उत्तर आलेलं असे. ऋजुताला वाट बघायची सवय लागली. वाट बघण्यात असं सुख असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. प्रश्न विचारायचा, त्याचा हात धरायचा आणि खोलीचा रंग बदलायची वाट बघत डोळे मिटायचे. पिठलं करपलं का, असं अक्कानं विचारल्यावर खोली जी लख्ख उजळली, ती जेवणं होईपर्यंत तशीच राहिली.

"खोडी गेली न्हाई मेल्याची," अक्का म्हणाली. ती अशी खुश ऋजुतानं कधी पाहिली नव्हती.

मग डॉक्टर मुजावर आल्या. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी सगळं पाहिलं, दिगूच्या कपाळावर हात ठेवला, त्याची माफी मागितली. मग व्हरांड्यात आल्या.

"आता मी बॅटरी बदलीन. उद्या म्हणालात तर उद्या. फक्त एक आहे, मॅडम. आता ते सांगू शकतात. म्हणजे संमती त्यांची लागेल. तुमची चालणार नाही."

ऋजुता हसून म्हणाली, "विचारते की."

पण अक्कानं तिला स्वयंपाकघरात गाठलं. "नको विचारू, ऋजू."

"अहो, का?"

"न्हाई म्हनाला तर?" अक्कानं तिचं मनगट धरलं. "त्या तापात कसा तडफडला, म्या बगितलंय. त्येचं अंग त्येला नको झालं आसंल तर? तू आपली त्येच्या वतीनं व्हय म्हण आन् मोकळी हो. आजवर कुठं त्येला विचारत हुतो?"

ऋजुताला राग आला. अक्काचा नव्हे. आपल्याही मनात नेमकं तेच आलं होतं, याचा.

तिनं दुपारी पडदे ओढले. दिवे अर्धे लागलेले होते, तो जागा असला की असेच असत. तिनं त्याला सगळं सांगितलं, शस्त्रक्रिया, ताप, पुढची वर्षं, काही लपवलं नाही. मग विचारलं, "दिगू, बदलायची ना?"

बदलायची ना. त्या 'ना'मध्ये तिनं किती ओझं घातलं होतं!

उजेड उतरायला लागला. तिला आधी वाटलं, ढग आला असेल, पण पडदे तर बंद होते. तसबिरी गेल्या, मग खुर्ची गेली, मग त्याचं कपाळ. पुरता अंधार व्हायच्या आत ती उठली आणि तिनं ट्यूबचं बटण दाबलं. खट्. त्याचे ठोके उसळले.

"बॅटरी उतरतेय," ती मोठ्यानं म्हणाली. "आज सकाळपासूनच उतरतेय. भरकट आहे ही."

अक्का दारात उभी होती. त्या घरात त्या संध्याकाळी दोघी जेवल्या नाहीत.

रात्रभर ऋजुता स्वतःशी भांडली. साऱ्या देशाचा नियम तिनं बदलायला लावला होता, एका माणसाचं ऐकू यावं म्हणून. आणि ऐकू आल्याबरोबर तिला ते केरात टाकायचं होतं. तेच कलम, तोच केर. भरकट म्हणावी तर किती सोपं होतं! कुणी हरकत घेतली नसती. डॉक्टरांना तिनं हो सांगितलं असतं, आणि तो वर्षानुवर्षं इथे तिच्याजवळ राहिला असता, तिच्या प्रश्नांना उजेड करत. तिला तो हवा होता. याहून खरं तिच्याजवळ काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा पलंगाशी बसली. कालची रेघ तिनं पडद्यावर ठेवली. या वेळी तिनं प्रश्न नीट मांडला.

"दिगू, बॅटरी बदलायची, की नाही बदलायची? तू सांगशील ते. मी काल घाबरले."

नवी रेघ जुनीवर उमटायला लागली. थोडी सपाट चालली, मग हळूच खाली वळली. ऋजुतानं ट्यूबच्या बटणावर बोट ठेवलं. रेघ कुठेतरी फाटा फोडेल, एखाद्या ठिकाणी चुकेल, म्हणून ती डोळे ताणून बघत होती. रेघ चुकली नाही. कालच्या वाटेनं, कालच्याच चालीनं ती उतरत होती. घाई नव्हती तिला, रागही नव्हता. अर्ध्या वाटेवरच ऋजुताला कळलं की ती कुठे जाणार आहे.

"थकलास का रे?" तिनं विचारलं.

उतरता उजेड थांबला. मग किंचित वर आला, श्वास घेतल्यासारखा. तेवढाच. आणि पुन्हा उतरू लागला.

अक्का मागून आली. तिनं ऋजुताच्या खांद्यावर हात ठेवला. "ऋजू," ती म्हणाली, "त्येला त्येच्या हातानं करू दे."

तसबिरी गेल्या. खुर्ची गेली. बोटाखाली बटण होतं, गार, एका खटक्यावर. दिगूचं कपाळ अजून दिसत होतं, मग नाकाची रेघ, मग फक्त उशीचा पांढरा कोपरा. ऋजुतानं बोट काढून घेतलं, त्याच्या हातात आपला हात दिला आणि अंधार पुरा होऊ दिला.